जुनी फोर बाय फोर पिकअप घ्यायची आहे, पण गंजाने एकदा हात पोळलाय. मदत हवी

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात नाटे गावाच्या अलीकडे आमची आंबा-काजूची बाग आहे. कलमं वर सड्यावर (कातळाच्या पठारावर) आणि घर खाली वाडीत. मधला दीडेक किलोमीटर म्हणजे जांभ्याचा कातळ, त्यावर सुटे गोटे, आणि शेवटी एक चढ. उन्हाळ्यात तिथे कुठलीही गाडी जाते. जून लागला की त्या चढावर शेवाळ धरतं आणि भाड्याचा टेम्पोवाला खालीच हात जोडतो. नेमकं खत घालायचं आणि कल्टार (मोहोरासाठीचं औषध) द्यायचं काम पावसातलं. मागच्या वर्षी खताच्या गोणी माणसांच्या डोक्यावरून चढवल्या. मजुरीचा आकडा इथे लिहीत नाही, बायको हा धागा वाचते.

म्हणून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी, पिकअप बघतोय. नवी परवडणार नाही. दुरुस्तीसकट नऊ लाखांपर्यंत ताणू शकतो.

आता भीती कशाची ते सांगतो. सहा वर्षांपूर्वी एक साधी जुनी पिकअप घेतली होती. खालून काळाकुळकुळीत रंग, हौदा चकचकीत, मी खूश. पहिल्याच पावसात मागच्या पाट्याचं (स्प्रिंगचं) हँगर चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, तुकड्यासकट सुटून आलं. वेल्डरने स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो आरपार गेला. म्हणाला, वेल्ड कशाला करू, रंगाला? मागाहून कळलं की गाडी बंदरावरून मासळी वाहायची. बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या भोकांतून वर्षानुवर्षं चासीवर ठिबकत होतं. शेवटी भंगारात घातली.

सध्या तीन गाड्या समोर आहेत:

पहिली, इसुझू व्ही-क्रॉस, २०१७ ची, पुण्यातली, एकच मालक, ९२ हजार किलोमीटर. साडेनऊ मागतोय.

दुसरी, स्कॉर्पिओ गेटअवे फोर बाय फोर, २०१३ ची, पिवळी पाटी (व्यावसायिक नोंदणी). दापोलीकडे किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याची. सव्वाचार लाख.

तिसरी, व्ही-क्रॉसच, २०१८ ची, सांगलीकडची, फक्त ४८ हजार किलोमीटर, आणि किंमत पावणेसात. फोटोत शोरूममधून काढल्यासारखी दिसते. घरात सगळ्यांचं मत हिच्याच बाजूने आहे.

फोर बाय फोर मी कधी चालवलेली नाही. बघायला गेलो तर ती यंत्रणा चालू आहे की नुसतंच बटण आहे, हे कसं ओळखायचं? आणि खालून रंग मारलेला असेल तर आतला गंज कसा शोधायचा?

गॅरेजवाला

तिसरीचं बोलण्याआधी चासीचं सांगतो, कारण इंजिन बांधता येतं, चासी बांधता येत नाही.

बरोबर एक छोटी हातोडी, एक जाड स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घ्या. जुने कपडे घाला. गाडी रॅम्पवर घेऊ देत नसेल तर तिथूनच परत फिरा. चासीवर हातोडी टकटक करत पुढून मागे या. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. मागच्या पाट्यांची दोन्ही टोकं, मागच्या चाकांच्या वरचा भाग, केबिन जिथे चासीवर बसते ते रबर माउंट आणि डिझेल टाकीचे पट्टे, एवढ्या ठिकाणी जास्त वेळ काढा. चासी आतून पोकळ असते. तिच्या भोकांत बोट घालून बघा काय हाताला लागतं. लाल माती लागली तर ठीक, ती आपल्याकडे सगळीकडेच लागणार. वाळू लागली तर मालकाला विचारा कुठे फिरवायचात. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवरून नख फिरवा, खपली निघाली की त्या बदलायच्याच.

दहा वर्षांच्या गाडीला खालून ताजा काळा रंग दिसला तर तो कोणी हौसेने मारलेला नसतो. उलट सगळीकडे सारखा हलका तांबूस थर असेल तर मी घाबरत नाही. तो वरवरचा असतो.

आता फोर बाय फोर. या गाड्यांत ती कायम चालू नसते, लागेल तेव्हा घालायची असते. मोकळ्या मातीवर किंवा खडीवर फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) घाला, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा. गाडी अडखळल्यासारखी, कोणी मागे ओढतंय अशी वाटली तर पुढची चाकं खरंच ओढताहेत. काहीच फरक जाणवला नाही तर नुसता दिवा लागत असण्याची शक्यता आहे. डांबरावर हा खेळ करू नका, कोरड्या रस्त्यावर चाकांना घसरायला वाव नसतो आणि सगळा ताण गिअरवर येतो. मग गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये फोर लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) घाला. पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला पाय न लावता ती चढ चढायला हवी आणि उतारावर ब्रेक न लावता मुंगीच्या पावलांनी उतरायला हवी. तुम्हाला पावसात कामाला येणार ती हीच.

शहरातल्या गाड्यांची एक गंमत असते. मालकाने पाच-सहा वर्षांत ते बटण एकदाही फिरवलेलं नसतं, मग आत जोडणी करणारी मोटर जाम होते. म्हणजे 'कधी ऑफरोड नेली नाही' हे दरवेळी कौतुकाचं नसतं.

शेवटचं: दोन्ही डिफरेंशियलचे (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधल्या गिअरपेट्यांचे) फिलर नट उघडून ऑइल बघा. काळं असेल तर बदलता येतं. दुधाच्या चहासारखं असेल तर आत पाणी गेलंय.

घाटावरचा

तिसरी गाडी २०१८ ची, सांगलीकडची आणि बाजारापेक्षा एवढी स्वस्त. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवतोय का? नंतर जुलै २०२१ मध्येही पाणी आलं होतं, आणि त्याच आठवड्यात तुमच्या चिपळूणलाही. दोन्ही वेळा कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून पुन्हा विकायला येतात.

सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. बाहेरचा भाग सगळे धुतात, रिळावर गुंडाळलेला भाग कोणी धूत नाही. सीटच्या खालच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालचे स्क्रू, स्टेपनीचा खाचा, गालिच्याची खालची बाजू बघा. आत अत्तराचा घमघमाट असेल तर काच लावून दहा मिनिटं आत बसा. आणि सर्व्हिसची नोंद मागा. अमुक महिन्यापासून सहा महिने काहीच नोंद नाही असं दिसलं की कॅलेंडर काढा.

मालवणी माणूस

आदी गाडयेखाली शिर, मगे सीटार बस. बाकी गजाली नंतर.

कागदवाला

गंजाचा कागदांशीही संबंध असतो, तो कोणी सांगत नाही. चासी नंबर चासीवरच ठोकलेला असतो. गाडी दुसऱ्या आरटीओकडे न्यायला एनओसी घेताना किंवा नाव बदलताना त्याची पेन्सिल प्रिंट मागतात. किनाऱ्यावरच्या गाडीत तो नंबर गंजाने खाल्लेला असला की प्रिंट उठत नाही आणि फाइल तिथेच अडकते. जागेवरच कागद धरून पेन्सिल घासून बघा.

गेटअवे पिवळ्या पाटीची आहे. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं, पर्यावरण कर वेगळा. कर्ज होतं का बघा, असेल तर फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा) आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. फॉर्म २९ आणि ३० (नाव बदलण्याचे) यांवर समोर बसवून सह्या घ्या. चलनं परिवहनच्या ई-चलन साइटवर दिसतात. गाडी १ एप्रिल २०१९ आधीची असल्याने हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली आहे का तेही विचारा. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या. लायसन्सची चिंता नको, साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या गाडीच्या) लायसन्सवर चालवता येते, सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये पुन्हा तेच सांगितलंय.

आंबेवाला

मला वेगळीच शंका आहे. पाच डझनी लाकडी पेटी भरली की वीसेक किलो धरा. पन्नास पेट्या म्हणजे एक टन. व्ही-क्रॉस खासगी पासिंगची, हौशी लोकांसाठी काढलेली गाडी. तिच्या आरसीवरच्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, मग पाच माणसं वजा करा. उरलेल्या आकड्यात किती पेट्या बसतात ते घरात सर्वांना सांगा.

आणि तो चढ किती लांब आहे? तेवढ्यावर काँक्रीटच्या दोन पट्ट्या टाकल्या तर? आमच्याकडे तसंच केलं. साधी पिकअप वर जाते, आणि पट्ट्यांना सर्व्हिसिंग लागत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. आंबेवाले, चढ साठ-सत्तर मीटरच आहे, पण त्याच्यावरची शंभरेक मीटर वाट सामाईक आहे. सातबाऱ्यावर अकरा नावं. त्यातली चार मुंबईत, एक दुबईत. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत माझी कलमं म्हातारी होतील.

धागाकर्ता (सतरा दिवसांनी)

तिन्ही बघून आलो. बरोबर आमच्या ओळखीचा मेकॅनिक नेला होता.

सांगलीकडची: ड्रायव्हरचा बेल्ट स्वच्छ. मागच्या सीटचा मधला बेल्ट ओढला तर शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ, पट्टीने आखल्यासारखी. मालक म्हणाला, पाणी शेजारच्या गल्लीपर्यंतच आलं होतं. मेकॅनिक म्हणाला, गाडीच शेजारच्या गल्लीत गेली असेल. चहा पिऊन निघालो. घरात आता माझ्या मताला थोडी किंमत आलीय.

गेटअवे: इंजिन छान, स्कॉर्पिओचंच असल्याने आमचा माणूस त्याला डोळे मिटून ओळखतो. पण पर्यटकांना घेऊन पुळणीवर (समुद्राच्या वाळूवर) रोज फेऱ्या. चासीच्या भोकातून वाळू ओंजळभर निघाली. फोर बाय फोरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. पेन्सिल प्रिंटमध्ये चासी नंबरचे शेवटचे तीन आकडे उठलेच नाहीत. कागदवाल्यांना साष्टांग नमस्कार.

पुण्याची व्ही-क्रॉस: हिच्यात जीव अडकलाय. खालून तांबूस थर, सगळीकडे सारखा. हातोडी खणखणली. फोर हाय तिसऱ्या प्रयत्नात लागलं, नंतर मात्र दरवेळी लागलं. फोर लोमध्ये ती चढावर अशी शांतपणे गेली की मी पाय कुठे ठेवू कळेना. डिफरेंशियलचं ऑइल काळं, पाणी नाही. टायरवरचे बनावटीच्या तारखेचे आकडे वाचले तर दोन टायर २०१७ चेच, ते धरून आठ नव्वदपर्यंत आणली. पेट्यांचं गणितही केलं. एका फेरीत फार बसत नाहीत, पण सड्यावरून वाडीपर्यंतच उतरवायच्या आहेत, वाशीला जायला ट्रक आहेच.

तरी टोकन दिलेलं नाही. घरी येऊन मधल्या पाणंदीवर दोरी धरली. गाडी ५.३ मीटर लांब. बावीकडच्या वळणावर ती एका दमात वळत नाही, तीनदा मागेपुढे करावी लागणार, तेही उतारावर. गडगा (दगडी कुंपण) दोन हात मागे घेतला तर सुटते. गडगा चुलत्यांचा आहे, आणि त्यांचं-आमचं बोलणं गेल्या गणपतीपासून बंद आहे.

बोलेरो कॅम्परची फोर बाय फोर थोडी आखूड आहे असं दिसतंय. कोणी अशा सड्यावर पावसाळ्यात वापरतंय का? पुण्याच्या माणसाने रविवारपर्यंत थांबतो म्हटलंय.