तेनकारा आणि मिजच्या बारीक माश्या

तेनकारा म्हणजे बिनरीळाच्या काठीने मासे पकडण्याची जपानी पद्धत. तिच्यात एकाच केबारीवर (पिसे आणि दोरा गळावर बांधून केलेल्या बनावट माशीवर) भागते, त्यामुळे २२-२४ नंबरच्या, म्हणजे अगदी चिमुकल्या गळावर मिजची (चिलटाची नक्कल करणारी) माशी बांधणे परंपरेच्या विरुद्ध आहे, असा मुद्दा मांडला जातो. तो मला अर्धाच पटतो. डोंगरातल्या वेगवान ओढ्यांत इवाना आणि यामामे या माशांना भक्ष्य निरखायला वेळ नसतो, म्हणून तिथे गळाच्या डोळ्याकडे (दोरी ओवायच्या भोकाकडे) झुकलेल्या मऊ पिसांची साकासा केबारी पुरते. दोरी हलकेच ओढली की ती पिसे मिटतात, सैल सोडली की पुन्हा उघडतात आणि माशी जिवंत भासते. मात्र जपानमध्येच कानाझावाची कागा केबारी आयू माशासाठी बांधतात आणि तिच्या चिमुकल्या गळावर पिसांबरोबर सोन्याचा वर्खही चढवतात, म्हणजे इतकी नाजूक कारागिरी जपानी परंपरेला मुळीच परकी नाही. हिवाळ्यात, संथ पाण्यात मासे चिलटांच्या कोशांवरच जगत असतील, तर मी मिजच निवडेन. ती बांधताना दोऱ्याचे वेढे शक्य तितके कमी ठेवावेत, कारण अंग जाड झाले की नक्कल फसते. बिनरीळाच्या लांब, लवचीक काठीचा इथे फायदाच होतो, कारण माशीला बांधलेल्या बारीक दोरीला बसणारा झटका ती स्वतः सोसते.