मदत हवी आहे: पंचवटीत महिनाभर एक डबा घरी ठेवाल का?

नमस्कार मंडळी. डिझाइनच्या संशोधनासाठी लाकडी डबा बनवलाय. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या (नाशिकच्या घाटावरची मूर्ती, पुराची खूण) कुठवर चढलंय, ते त्यातला दिवा दाखवतो. बाकी उपयोग शून्य, तेही मुद्दाम: लोक त्याचं काय करतात, ते बघायचंय! लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टच्या संशोधकांनी 'ड्रिफ्ट टेबल' असंच लोकांच्या घरी ठेवलं होतं. वजन ठेवलं की त्यात ब्रिटनचे हवाई फोटो सरकायचे.

पहिला डबा मावशीकडे दिला. चौथ्या दिवशी त्यावर हळदकुंकू, आठव्या दिवशी प्लग काढून मिक्सर लावलेला. (आता आत बॅटरी टाकलीय.)

अडलंय ते इथे: डबा कशासाठी, हे आधी सांगावं का? सांगितलं की लोक माझ्या मनातलंच बोलतात. न सांगावं तर फसवल्यासारखं वाटतं. कुणी असं काम केलंय? आणि नदीकाठची दोन-तीन घरं मिळतील?