बाद फेरी नको, लेन बदलून पळवा
पाइनवुड डर्बी म्हणजे कब स्काउट, म्हणजे स्काउटमधली लहान मुलं, छोट्या लाकडी गाड्या बनवून उतरत्या ट्रॅकवरून सोडतात ती शर्यत. गाडीचं वजन ५ औंसांत, म्हणजे साधारण १४१.७ ग्रॅममध्ये बसलं की तिच्यात सगळ्यांना समान संधी, असं म्हणतात, पण ते अर्धंच पटतं. लाकडी ट्रॅकच्या लेन कधीच सारख्या नसतात. जोडावर जरासा उंचवटा राहिला तरी त्या लेनमधली गाडी गचका खाते, चाक लेनच्या मधल्या पट्टीला घासतं, आणि हरलेल्या कब स्काउटला वाटतं आपलीच गाडी वाईट. म्हणून बाद पद्धत, म्हणजे हरला की बाहेर, नकोच. चार लेन असतील तर प्रत्येक गाडी प्रत्येक लेनमधून एकेकदा सोडा आणि चारही वेळांची बेरीज करा. टायमर नसेल तर क्रमांकांची बेरीज. सर्वांत कमी तो पहिला. सात-आठ वर्षांच्या पोराला एका शर्यतीत घरी पाठवणं बरं नाही, इथे निदान चारदा गाडी पळते. आणि वजन झालं की गाड्या लगेच जमा करून घ्या, नंतर चाकं सहज फिरावीत म्हणून घालतात ती ग्रॅफाइटची पूडसुद्धा भरू देऊ नका.