६८ सॅक कुणाच्या खात्यात? बेअर्स, केलेब विल्यम्स आणि रूकीला (पहिल्या वर्षाच्या खेळाडूला) पहिल्याच सामन्यात उतरवण्याचा वाद (प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

उत्तरकाठ

जुलै २०२५. शिबिरं तोंडावर आलीत. शिकागो बेअर्सकडे बेन जॉन्सन मुख्य प्रशिक्षक म्हणून आलाय, क्वार्टरबॅकचं (डाव चालवून पास फेकणाऱ्याचं) रक्षण करणाऱ्या पाच जणांच्या लाइनच्या मधल्या तिन्ही जागा बदलल्यात. तरी अमेरिकन फुटबॉलची चर्चा निघाली की गाडी एकाच वाक्यावर येते: "विल्यम्सला पहिलं वर्ष बाकावर बसवायला हवं होतं." मला हे अजिबात मान्य नाही.

ज्यांनी २०२४ पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विल्यम्स हा ड्राफ्टमधला (संघांनी आळीपाळीने केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीतला) पहिला खेळाडू, पहिल्या सामन्यापासून क्वार्टरबॅक. सुरुवात ४ विजय, २ पराभव. मग सलग १० पराभव, आणि शेवटच्या सामन्यात ग्रीन बेवर २४-२२ असा विजय. एकूण ५-१२. विल्यम्सचे आकडे: ३,५४१ यार्ड, २० टचडाऊन, फक्त ६ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास) आणि ६८ सॅक (पास फेकण्याआधीच खाली पाडलं जाणं). एका हंगामात याहून जास्त सॅक दोघांनीच खाल्ल्यात: २००२ मध्ये डेव्हिड कारने ७६, १९८६ मध्ये रँडल कनिंगहॅमने ७२.

माझं म्हणणं असं की त्याला उतरवलं ते योग्यच होतं, चूक झाली ती त्याच्यापुढे उभ्या केलेल्या लाइनमध्ये. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये बेअर्सकडे पाचच निवडी होत्या. पहिली विल्यम्स. नवव्या क्रमांकावर रिसीव्हर (पास झेलणारा) रोम ओडुन्झे, तेही डी. जे. मूर आणि कीनन अ‍ॅलन हे रिसीव्हर संघात असताना. त्या वेळी ओलू फशानू आणि टालीसे फुआगा हे दोन्ही टॅकल (लाइनच्या कडेचे खेळाडू) उपलब्ध होते. ते ११ आणि १४ क्रमांकावर गेले. लाइनसाठी मिळाला तो एकटा किरन अमेगाजी, तिसऱ्या फेरीत, येल विद्यापीठातून, तोही दुखापतीतून सावरत असलेला. आणि चौथ्या फेरीची निवड पंटरवर (चेंडू लांब लाथाडणाऱ्यावर) खर्च केली! पंटर चांगला आहे, वाद नाही. पण ज्या संघाने आपला पुढचा दशकभराचा क्वार्टरबॅक आत्ताच निवडलाय, त्याने चौथ्या फेरीत गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा लाइनमन) शोधायचा असतो.

बसवून शिकतो म्हणणाऱ्यांनी सरावाचं वेळापत्रक पाहावं. खेळाडू संघटनेच्या करारानुसार नियमित हंगामात पॅड घालून फक्त १४ सराव घेता येतात. जवळजवळ सगळे स्नॅप (चेंडू मागे देऊन डाव सुरू करणं) पहिल्या क्वार्टरबॅकला जातात. दुसरा काय करतो? आपल्या बचावफळीसमोर पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे डाव कार्डावरून वाचून खेळतो. म्हणजे हंगामभर तो दुसऱ्याच संघांची पुस्तकं गिरवतो. खेळूनच शिकतात: क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगने पहिल्या वर्षी, १९९८ मध्ये, २८ इंटरसेप्शन दिले, संघ ३-१३. पुढच्या वर्षी तोच संघ १३-३.

तिसराआणि२६

लाइन वाईट होती हे मान्य. पण ६८ चा अख्खा आकडा लाइनच्या खात्यात टाकणं म्हणजे सामने नीट न पाहणं.

साधा हिशेब करा. विल्यम्सचे ५६२ पास आणि ६८ सॅक, म्हणजे ६३० वेळा तो पाससाठी मागे सरला आणि १०.८ टक्के वेळा खाली गेला. त्याच वर्षी डेन्व्हरचा रूकी बो निक्स ५६७ पास आणि २४ सॅक, म्हणजे ४.१ टक्के. डेन्व्हरची लाइन सरस होती, पण अडीच पटींहून जास्त फरक नुसत्या लाइनने पडत नाही. चेंडू किती वेळ हातात ठेवायचा हे क्वार्टरबॅक ठरवतो.

नेमकं काय बिघडत होतं ते सांगतो. शॉटगनमधून (लाइनपासून काही यार्ड मागे उभं राहून) स्नॅप घेतल्यावर क्वार्टरबॅक साधारण सात-आठ यार्ड मागे उभा राहणार हे धरून टॅकल आपला कोन ठरवतो. तो कडेच्या रशरला (क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्या बचावपटूला) थांबवत नाही, त्या बिंदूच्या मागून वळसा घालायला लावतो. विल्यम्सला पहिला रिसीव्हर मोकळा दिसला नाही की तो आणखी मागे सरकायचा, दहा-बारा यार्डांपर्यंत. मग टॅकलने व्यवस्थित ढकललेला रशरसुद्धा थेट त्याच्या अंगावर. टीव्हीवर दिसतं "टॅकल हरला". खरं तर टॅकलने काम केलेलं असतं.

दुसरं, पाच लाइनमन पाच जणांना अडवतात. सहावा आला तर तो क्वार्टरबॅकचा. स्नॅपआधी मधला लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) कोण ते ठरवून लाइन कुठे सरकवायची आणि जिकडून जादाचा माणूस येतोय तिकडे हॉट रूट (लगेच पास देता येईल अशी रिसीव्हरची धाव) कुणाचा, हे दोन निर्णय वेळेत झाले नाहीत तर जगातली कुठलीही लाइन वाचवत नाही.

तिसरं, चेंडू फेकून देणं. टॅकलच्या बाहेर पडून चेंडू स्क्रिमेजच्या (डाव सुरू होण्याच्या) रेषेपलीकडे टाकला की दंड नाही, नुकसान शून्य. तो तिथेही जादूचा डाव शोधत राहिला. दुसऱ्या डाऊनवर (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतल्या दुसऱ्यावर) दहा बाकी असताना ८ यार्डांचा सॅक म्हणजे तिसऱ्या डाऊनला १८ यार्ड बाकी. तिथेच ड्राइव्ह (सलग चढाई) संपते.

यात त्याचा पूर्ण दोष नाही, आणि म्हणूनच मी बसवा म्हणतो. तो यूएससी या विद्यापीठाकडून खेळला तेव्हा कॉलेजमध्ये हेल्मेटात प्रशिक्षकाचा डाव ऐकायला रेडिओच नव्हता. वरच्या विभागात ती परवानगी २०२४ मध्ये आली. इथे, व्यावसायिक लीगमध्ये, ४० सेकंदांचं घड्याळ, १५ सेकंद उरले की रेडिओ बंद, तेवढ्यात लांबलचक डाव ऐकून घोळक्यात सांगायचा, रेषेवर यायचं, बचाव वाचायचा. कॉलेजात दोन हॅशमधलं (डाव कुठून सुरू होणार ते ठरवणाऱ्या मैदानावरच्या खुणांमधलं) अंतर ४० फूट, इथे १८.५. चेंडू जवळजवळ मध्यातून सुरू होतो, रुंद मोकळी बाजू मिळत नाही. हे सगळं अंगवळणी पडायला चार-सहा आठवडे तरी बाहेरून बघायला हवेत.

लेकशोअर

बसवायचा कुणाच्या मागे? राखीव क्वार्टरबॅक टायसन बेजंटच्या? बेजंट मेहनती आहे, पण तो स्वतः दुसऱ्या वर्षाचा, ड्राफ्टमध्ये न निवडलेला. न्यू इंग्लंडने ड्रेक मे या रूकीला पाच सामने बसवलं, कारण त्यांच्याकडे अनुभवी जेकोबी ब्रिसेट होता. वॉशिंग्टनने रूकी जेडन डॅनियल्सला पहिल्या दिवसापासून खेळवलं, पण शेजारी अनुभवी मार्कस मारिओटा ठेवला. हा निर्णय मार्चमध्ये पैसे मोजून घ्यायचा असतो, सप्टेंबरमध्ये नाही. बेअर्सने क्वार्टरबॅकच्या खोलीत एकही मुरलेला क्वार्टरबॅक ठेवला नाही, हा माझ्या मते पंटरपेक्षा मोठा गुन्हा.

दुसरीफळी

तुम्ही दोघेही लाइन आणि क्वार्टरबॅक यांच्यातच अडकलात. प्रशिक्षक विसरू नका.

१० नोव्हेंबरला न्यू इंग्लंडकडून घरच्या मैदानावर १९-३ असा पराभव, ९ सॅक. दोन्ही मुख्य टॅकल दुखापतीमुळे बाहेर. बदली टॅकल असताना काय करायचं हे कुठल्याही शाळेच्या प्रशिक्षकाला माहीत असतं: तीन पावलांचे पास, स्क्रीन (लाइनच्या आडून छोटा पास), टाइट एंडला (लाइनशेजारी उभा राहून पासही झेलणाऱ्याला) आधी रशरला धक्का मारून मग रूटवर सोडायचं, पॉकेटची (लाइनने क्वार्टरबॅकभोवती राखलेल्या कोंडाळ्याची) जागा हलवायची. त्या दिवशी यातलं फार थोडं दिसलं. दोन दिवसांनी ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर (आक्रमणाचा प्रशिक्षक) शेन वॉल्ड्रनला काढलं आणि थॉमस ब्राउन डाव सांगू लागला.

पुढचे तीन सामने बघा. ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध ३१ पैकी २३ पास, २३१ यार्ड, वर धावून ७०. वायकिंग्जविरुद्ध ३४०. लायन्सविरुद्ध २५६ आणि ३ टचडाऊन. तिन्हींत मिळून इंटरसेप्शन शून्य. तोच क्वार्टरबॅक, जवळपास तीच लाइन. बदललं ते एवढंच की चेंडू लवकर हातातून जाऊ लागला आणि त्याच्या पायांसाठी मुद्दाम आखलेले डाव आले.

सामने तिन्ही हरले, पण कसे? पहिल्यात शेवटच्या क्षणी ४६ यार्डांची किक अडवली गेली, दुसरा ओव्हरटाइममध्ये. तिसरा थँक्सगिव्हिंगचा, आणि त्यावर थांबून बोलायला हवं. लायन्स २३-२० ने पुढे, चेंडू त्यांच्या अर्ध्यात, सॅक होतो, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ आणि एक टाइमआऊट शिल्लक. चेंडू ४१ यार्डांवर, म्हणजे किक ५९ ची. मधोमध दहा यार्डांचा छोटा पास आणि टाइमआऊट, की किक ४९ ची होते आणि बरोबरी आवाक्यात येते. टाइमआऊट घेतलाच नाही. घड्याळ सरकत गेलं, सहा-सात सेकंद उरले असताना स्नॅप, लांब पास, अपूर्ण, खेळ खलास. रूकी गोंधळला तर तो रूकी आहे. टाइमआऊट मागायचा अधिकार मुख्य प्रशिक्षकालाही असतो. दुसऱ्या दिवशी मॅट एबरफ्लूसला काढलं. बेअर्सच्या इतिहासात हंगाम चालू असताना मुख्य प्रशिक्षक काढण्याची ती पहिलीच वेळ.

म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर या मुलाने एका को-ऑर्डिनेटरकडून दुसऱ्याकडे उडी मारली, आणि तो दुसरा लगेच हंगामी मुख्य प्रशिक्षक झाला. शिकायचं कुणाकडून?

तिसराआणि२६

ते तीन सामने मीही मानतो. पण ब्राउन असतानाच २६ डिसेंबरला सिअ‍ॅटलविरुद्ध ७ सॅक आणि ६-३ असा पराभवही आहे. लवकर फेकायचं शिकवलं की बचाव जवळचे रूट दाबतो आणि सेफ्टी या सगळ्यांत मागच्या दोन बचावपटूंना आणखी खोल ठेवतो. मग खोल पास अचूक लागावा लागतो. तो त्याचा २०२४ मधला सर्वांत कच्चा भाग होता. कडेने धावणाऱ्या मूर-ओडुन्झेच्या डोक्यावरून किती चेंडू गेले आठवा. तिथे लाइनचा संबंध नव्हता, पाय जमिनीवर नीट रोवलेले नव्हते.

बर्गंडीसोनेरी

मी वॉशिंग्टनवाला, पण जेडन डॅनियल्सचं उदाहरण इथे हवंच. ड्राफ्टमध्ये दुसरा क्रमांक, पहिल्या दिवसापासून खेळला, संघ ४-१३ वरून १२-५ आणि कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यापर्यंत. आता सॅक बघा: ४८० पास, ४७ सॅक, ८.९ टक्के. हा आकडा काही कमी नाही! म्हणजे सॅकच्या प्रमाणावरून रूकी तयार होता की नव्हता हे ठरवणं कच्चं आहे.

फरक कुठे पडला? ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर क्लिफ किंग्जबरीने घोळका न करता खेळायची पद्धत भरपूर वापरली. घोळका नसला की लांब डाव बोलायचा नसतो, बचावाला माणसं बदलता येत नाहीत, आणि त्यामुळे क्वार्टरबॅकला समोर साधीच रचना दिसते. तिसराआणि२६, तुम्ही रेडिओ आणि १५ सेकंदांची जी अडचण सांगितलीत, तिच्यावरचा हाच इलाज, बाकावर बसवणं नव्हे. त्यात मध्यभागी टायलर बियाडाश हा अनुभवी सेंटर (लाइनमधला मधला खेळाडू) आणला. रक्षणाचे निम्मे निर्णय तो घेतो. टाइट एंड झॅक अर्ट्झ, म्हणजे चेंडू कुठे टाकायचा कळत नसेल तेव्हा सात यार्डांवर वळून उभा राहणारा माणूस. डॅनियल्सने धावून ८९१ यार्ड काढले, रूकी क्वार्टरबॅकचा विक्रम. दबाव आला की मागे नाही, पुढे पळायचा. बेअर्सने यातलं जवळजवळ काहीच आयतं दिलं नाही.

लेकशोअर

आणि बसवण्याचा दुसरा प्रकारही असतो, तो कुणी बोलत नाही. कॅरोलायनाचा रूकी ब्राइस यंग याने २०२३ मध्ये ६२ सॅक खाल्ले, संघ २-१५. २०२४ मध्ये दोनच सामन्यांनंतर बसवला, काही आठवड्यांनी परत आला आणि चेंडू किती तरी ठामपणे टाकू लागला. मी म्हणेन, बेअर्सने ऑक्टोबरच्या अखेरीस दोन आठवडे श्वास घेऊ द्यायला हवा होता.

उत्तरकाठ

यंगला उसंत मिळाली तेव्हा मागे अनुभवी अँडी डाल्टन होता. तुमच्याच पहिल्या मुद्द्यावर येतं ते. आणि डेव्हिड कारचं टोक मला खरंच भिववतं. ७६ नंतर २००५ मध्ये पुन्हा ६८. मार खाण्याची सवय लागलेला क्वार्टरबॅक रिसीव्हर बघायचं सोडून रशर बघू लागतो, आणि ते डोळे परत वर येत नाहीत. विल्यम्सचं तसं झालेलं नाही. सलग ३५३ पास इंटरसेप्शनशिवाय, हा रूकींमधला विक्रम आहे. घाबरलेला मुलगा असा खेळत नाही.

म्हणूनच मार्चमधल्या खरेदीला मी महत्त्व देतो. कॅन्सस सिटीकडून जो थुनी डाव्या गार्डला, रॅम्सकडून जोना जॅक्सन उजव्या गार्डला, मध्ये ड्रू डालमन. कडेचा दबाव क्वार्टरबॅकला पुढे सरकून चुकवता येतो. मधून आलेल्या दबावाला मागे पळण्याशिवाय वाटच नसते. तुम्ही सांगितलेली बारा यार्डांची सवय अर्धी तिथून आलेली आहे.

तिसराआणि२६

अर्धी, बरोबर. उरलेली अर्धी जॉन्सनच्या हातात. त्याचा डेट्रॉइटचा खेळ सेंटरच्या मागे उभं राहून, खोट्या रनवर (धाव भासवून पास टाकण्यावर) बेतलेला. विल्यम्स आयुष्यभर शॉटगनमध्ये. खोटा रन दाखवताना बचावाकडे पाठ होते. परत वळल्यावर सेफ्टी कुठे गेले ते एका नजरेत शोधावं लागतं. पहिले पाच-सहा आठवडे हे अडखळणार, आणि तेव्हा लोक पुन्हा लाइनला शिव्या देतील.

दुसरीफळी

मग मोजायचं काय ते आत्ताच ठरवू. सॅकचं प्रमाण ७ टक्क्यांखाली येतंय का, आणि मागे सरकण्याची खोली. दुसरी गोष्ट थेट प्रक्षेपणातही कळते, यार्डांच्या रेषा मोजता येतात. सेफ्टी मात्र त्या चौकटीत नसतात, त्यासाठी सामन्यानंतर सगळे २२ खेळाडू दिसणारी फीत बघा. भारतातून बघणाऱ्यांना शिकागोतले दुपारी बाराचे सामने रात्री साडेदहाला, नोव्हेंबरपासून साडेअकराला.

बर्गंडीसोनेरी

आणि डावा टॅकल कोण? ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा डिसेंबरमध्ये मोडला. त्याच्यामागे अमेगाजी आणि दुसऱ्या फेरीतला नवा ऑझी ट्रापिलो. यंदाही पहिल्या दोन निवडी टाइट एंड आणि रिसीव्हरवरच गेल्यात.

उत्तरकाठ

जोन्स शिबिराच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण सराव करत असेल तर तोच. नसेल तर ट्रापिलोला लगेच थुनीशेजारी उभा करा आणि तिथेच ठेवा. दर आठवड्याला माणूस बदलला तर डावीकडचे स्टंट (रशर वाटा अदलाबदल करून येतात ते डाव) एकमेकांकडे सोपवायला ते दोघे शिकणारच नाहीत.