मातीतून संगमरवरात: छिन्नी चुकतेय की हात?

ओलीमाती
चार वर्षं मातीत मूर्तिकाम करतेय. माझी हत्यारं म्हणजे तारेचे लूप, दोन लाकडी कोरण्या, माती कापायची तार आणि एक बाद झालेलं एटीएम कार्ड. त्या कार्डाने गाल जसा गुळगुळीत होतो तसा दुसऱ्या कशानेच होत नाही.

गेल्या महिन्यात हौसेने वीतभर संगमरवर आणला. घरात सुतारकामाच्या पटाश्या होत्या, त्यातलीच एक लावली. चौथ्या घावाला धारेचा कोपरा उडाला. मग दगडाची टोकदार छिन्नी आणली. दगड फुटू लागला, पण घाव बसले तिथे तिथे पांढरे ठिपके आलेत. पॉलिश पेपर मारला की जास्तच उठून दिसतात. आता तेरा हत्यारांचा एक सेट बघून ठेवलाय, दगड आणि लाकूड दोन्हीला चालतो म्हणे. घेऊ का?

टाकीवाला
नका घेऊ. दोन्हीला चालतो म्हणजे दोन्हीकडे अडतो. पटाशीची धार साधारण 25 अंशांची, लाकडाचे तंतू कापण्यासाठी. दगड कापला जात नाही ताई, तो फुटतो. म्हणून दगडाच्या छिन्नीचं टोक जाड असतं.

आता ठिपके. तुम्ही छिन्नी उभी धरताय, न बघता सांगतो. संगमरवर म्हणजे कॅल्साइटचे स्फटिक एकमेकांत घट्ट बसलेले. सरळ घाव बसला की खालचे स्फटिक चिरडतात, बारीक भेगा पडतात आणि त्यांच्यावर उजेड विखुरून पांढरं दिसतं. डाग आत आहे. वरून घासून जाणार नाही, तेवढा थर उतरवावा लागेल.

छिन्नी 45 अंशांच्या आसपास कलती धरा, म्हणजे कपची बाजूला उडते. आणि जिथे शेवटचा पृष्ठभाग हवाय त्याच्या बोटभर अलीकडे टोकदार छिन्नी थांबवा. तिथून पुढे दातेरी, मग सपाट, मग कानस. मायकेलअँजेलोचे अर्धवट राहिलेले 'बंदिवान' फ्लोरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयात आहेत, त्यांचे मोठे फोटो काढून बघा. दातेरीच्या समांतर रेघा अजून तशाच दिसतात. मला त्या पुऱ्या झालेल्या मूर्तींपेक्षा जास्त आवडतात, पण ते असो.

मी नवशिका असताना नाकाचा शेंडा टोकदार छिन्नीनेच काढायला गेलो. नाक गेलं ते वरचा ओठ घेऊन. त्या मूर्तीचं पुढे मांजर झालं.

एवढं करूनही हात बसेना तर शंखजिऱ्याच्या मऊ दगडावर शिका. मोहस् मापावर, म्हणजे कठीणपणाच्या मोजपट्टीवर, शंखजिरं 1, संगमरवर 3. ग्रॅनाइटच्या वाटेला सध्या जाऊ नका, त्यातलं क्वार्ट्झ 7. साधं पोलाद तिथे बोथट होतं, कार्बाइडचं टोक लागतं.

आणि कान उघडे ठेवा. दगड खणखणीत बोलला तर ठीक, बद्द वाजला तर आत भेग आहे.

सुतारपक्षी
मला त्या पटाशीचं वाईट वाटतंय. फेकू नका. कोपरा उडालाय तिथपर्यंत धार घासून मागे घ्या. ग्राइंडरवर धरलीत तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. पातं निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, मग ती धार टिकत नाही. शेवट सहाणेवर आणि चामड्यावर.

लाकडात कोरायचं झालं तर गोल पटाश्या लागतील. त्यांच्यावर नंबर असतात, 1 म्हणजे सपाट, वाढत जाऊन 11 म्हणजे खोल नाली. मी बरीच वर्षं 3, 5 आणि 8 यांवर काढली. लाकडी दांड्यावर लोखंडी हातोडी मारू नका, लाकडी मोगरी वापरा.

काठावरची
धुळीचं कोणी बोललंच नाही. संगमरवराची धूळही छातीला बरी नाही, पण ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात सिलिका असते, ती फुप्फुसात साचली की परत निघत नाही. रुमाल बांधून भागत नाही, नीट बसणारा धुळीचा मास्क हवा. घासकाम पाणी टाकून करा. आणि चष्मा, डोळ्यांवर, कपाळावर नाही.

ओलीमाती
सेट रद्द. दातेरी छिन्नी आणली. काल छिन्नी कलती धरून तासभर बसले, एकही नवा ठिपका नाही! पटाशी भिजवत भिजवत घासतेय, अजून निळी पडलेली नाही. एटीएम कार्डाला मात्र निवृत्ती.

एक राहिलं. जुने ठिपके नेमके कपाळावर आहेत, नाक आणि डोळे बऱ्यापैकी झालेत. मातीत असते तर थापून भरून काढलं असतं.

टाकीवाला
किती खोल?

ओलीमाती
एक ठिकाणी तासून बघितलं. तीन मिलिमीटर असतील.

टाकीवाला
मग कपाळ तीन मिलिमीटर मागे, आणि त्याच्याबरोबर भुवया, डोळे, नाक सगळंच मागे. आधी कानामागे दगड शिल्लक आहे का बघा. असेल तर आजच पेन्सिलीने नव्या रेषा मारून घ्या.