माया लोक सकाळी उठून काय करायचे, काय खायचे?

दोरा_आणि_सुई: पोरगी सातवीत आहे, तिला प्रोजेक्टला मध्य अमेरिकेतली जुनी माया संस्कृती आलीय. नेटवर बघावं तर सगळीकडे पिरॅमिड, नरबळी नाहीतर ते २०१२ ला जग बुडणार होतं ते. ती विचारतीय, आई ही लोकं रोज करायची काय, खायची काय? मला सांगता येईना. कुणाला माहिती असेल तर सांगा की. आमच्याकडं सासऱ्यांपर्यंत हातमाग होता, त्यामुळं कापडाचं काही असलं तर तेही सांगा, ती आजोबांना विचारून लिहील.

कडकभाकरी: ताई, मका! आपल्याकडं ज्वारी तसा त्यांचा मका, त्यांच्या पोपोल वुह नावाच्या पुराणात तर देवांनी माणूस आधी मातीचा केला तो विरघळला, मग लाकडाचा केला त्याला मनच नव्हतं, शेवटी मक्याच्या पिठाचा केला तो टिकला. पण पोरीला चुन्याचं नक्की लिहायला सांगा. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी साल सुटते, मग धुवून दगडी पाट्यावर वाटायचा, म्हणजे बायांची सकाळ पाट्यावरच जायची. त्या पिठाचे गोळे पानात गुंडाळून वाफवायचे, कोकणातल्या पातोळ्यांसारखे. चुन्यामुळं मक्यातलं बी-३ जीवनसत्त्व अंगाला लागतं. पुढं मका युरोपात गेला पण ही रीत काही गेली नाही आणि इटली-स्पेनकडं नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा व्हायला लागला, कातडी सोलायची, डोकं बिघडायचं, माणसं मरायची. ज्या बायांनी हे शोधलं त्यांचं नाव कुठंच नाही. मला पिरॅमिडपेक्षा हे मोठं वाटतं, अगदी मनापासून.

कोडीभर_चादरी: कापडाचं मी सांगतो वहिनी. विणायच्या बायकाच. मागाचं एक टोक झाडाला नाहीतर खांबाला बांधायचं, दुसरं पट्ट्यानं स्वतःच्या कमरेला, मागं रेललं की ताणा ताठ होतो. ग्वाटेमालात आजही असंच विणतात. आजोबांना हे दाखवाच, लगेच कळेल त्यांना.

आणि मोजणी! आपल्या कापडबाजारात कोडी म्हणजे २०, तशी त्यांची सगळी मोजणी विसावर. माझी आजी ६५ ला तीन विसा पाच म्हणायची. माया लोक ६५ कसं लिहायचे तर वर तीन ठिपके, खाली एक आडवी रेघ. ठिपका १, रेघ ५, वरच्या घरात गेलं की वीसपट. शून्यासाठी शिंपला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजीची लई आठवण आली. २०१२ ला जग बिग काही बुडणार नव्हतं हो, त्यांच्या मोजणीतला १,४४,००० दिवसांचा तेरावा टप्पा पुरा झाला एवढंच.

टँकरची_वाट: पाण्याचं राहिलं. टिकाल हे माया लोकांचं एवढं मोठं शहर पण जवळ नदी नाही, वर्षातले काही महिने पाऊस नाही. म्हणून चौकांना चुन्याचा गिलावा करून उतार द्यायचे आणि पावसाचं पाणी तळ्यात साठवायचे. त्यातल्या एका तळ्यात पाणी गाळायला झिओलाइट नावाचं खनिज वापरल्याचं २०२० मध्ये समोर आलं. आणि हे सगळं बैल नसताना, गाडी नसताना, लोखंडी अवजार नसताना, पाठीवर ओझी वाहून. आपल्या सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर बसलो की मला टिकालच आठवतं. माया लोकांच्या पावसाच्या देवाचं नाव चाक (Chaak).

दोरा_आणि_सुई: सगळ्यांचे आभार! सासऱ्यांना माग सांगितला तर स्वतःच चित्र काढून देतो म्हणाले. कडकभाकरी दादा, तो मका घरी करून बघता येईल का? पानाचा चुना चालतो?

कडकभाकरी: खायचाच चुना घ्या, भिंतीचा नको. वाळलेला मका एक वाटी, चुना अगदी थोडा, पाणी भरपूर. स्टीलच्या पातेल्यात करा, ॲल्युमिनियम नको. आणि सकाळी चार-पाच पाण्यांनी चोळून धुवा.

दोरा_आणि_सुई: बरं. पाटा माळ्यावर आहे, आज खाली काढते.