गुंडा कायद्याचं कुणी बोललंच नाही

सिनेमा-गाण्यांच्या पायरसीवरच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, "सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला दोषी धरायचं तर सुरी बनवणाऱ्यालाही धरा". ते म्हणणं अर्धंच पटतं. सोनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरवरून चाललेल्या १९८४ च्या बेटामॅक्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साधारण तेच मानलं होतं. पण २००५ मध्ये ग्रोक्स्टर या फाइल-शेअरिंग सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने एकमताने बजावलं, की चोरीसाठी वापरा म्हणून लोकांना उद्युक्त केलंत तर तुम्हीही जबाबदार.

बाकी इथे सगळी चर्चा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याभोवतीच फिरतेय. आपण बेळगाव-निपाणीकडचे, आपल्याला आणखी एक कायदा लागू आहे बघा: कर्नाटकचा १९८५ चा गुंडा कायदा. त्यात व्हिडिओ-ऑडिओ पायरसीवाले आहेत, आणि २०१४ च्या दुरुस्तीने 'डिजिटल गुन्हेगार'ही आले, म्हणजे धंद्यासाठी जाणूनबुजून कॉपीराइट मोडणारे वगैरे. दारूभट्टीवाल्यांच्या रांगेत! कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली आधी खटला, पुरावा, मग सहा महिने ते तीन वर्षं कैद. गुंडा कायद्यात खटल्याआधीच स्थानबद्धता, जास्तीत जास्त एक वर्ष. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका दाखवावा लागतो आणि सल्लागार मंडळाची मान्यता लागते, एवढाच काय तो आडोसा. टोरंटवरून घरी सिनेमा उतरवणाऱ्यासाठी हे नाही. पण मेमरी कार्डात पैसे घेऊन मराठी सिनेमे भरून देणारी मोबाइलची दुकानं इकडे सर्रास होती, त्यांच्यातल्या कितीजणांना हे ठाऊक होतं देव जाणे. आणि हद्द ओलांडून चंदगडला गेलं की सुटलो, असंही नाही. महाराष्ट्राच्या एमपीडीए या अशाच स्थानबद्धतेच्या कायद्यातही व्हिडिओ पायरेट आहेतच.